काटेबाईच्या घरचा काटा

धुकं इतकं दाट उतरलं होतं की समोरची बेकरी दिसत नव्हती, नुसती वासानं कळत होती. थंडी माणसाआधी लोखंडाला चावते, हे काटेबाईला तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक. म्हणून अशा दिवशी दुकानाचं शटर वर ढकललं की चहाच्या आधी, केर काढायच्याही आधी, तिचं पहिलं काम म्हणजे वजनं पुसायची. पन्नास ग्रॅमच्या पितळी गोळीपासून वीस किलोच्या ओतीव ठोकळ्यापर्यंत सगळी मापं फळीवर ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर दवाची बारीक साय धरलेली. कोरड्या फडक्यानं ती एकेक वजन अशी पुसायची, जशी आई शाळेत निघालेल्या पोराचं नाक पुसते. जरा घाईनं, पण मागे काही ठेवायचं नाही.

काटे दुरुस्त करते म्हणून काटेबाई, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तिच्याशी वाद घातलेल्यांना विचारावं.

हा धंदा तिच्या सासऱ्यांचा. मामंजींनी आधी आपल्या मुलाला शिकवून पाहिलं. पण मुलाच्या बोटांतून स्क्रू असे निसटायचे, जसे ओल्या हातातून साबण. "याच्या हातात हत्ती दिला तरी संध्याकाळपर्यंत हरवून येईल," असं म्हणून मामंजींनी नाद सोडला. मुलगा बस चालवायला लागला आणि सुखी झाला. मग एकदा घरात पिठाची पिशवी आली. नवी सून ती फडताळात ठेवता ठेवता सहज म्हणाली, "यात पाव किलो कमी आहे." मामंजी हसले. पिशवी दुकानात नेऊन तोलली, तर दोनशे तीस ग्रॅम कमी. म्हातारा पिशवीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सूनबाई, स्वयंपाकघरात अक्कल वाया घालवू नका. खाली या."

तेव्हापासून ती खाली आहे. वर घर, खाली दुकान, मध्ये सतरा पायऱ्या. बाजारातला एकही काटा असा नाही की ज्याच्या पोटात तिनं हात घातला नाही. एकदा एक खिळ्यांचा व्यापारी आपला काटा घेऊन आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "बाई, जरासा आपल्या बाजूनं झुकता करा." ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "इथे दुरुस्ती होते. बिघाड तुम्ही घरच्या घरी करत जा." ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही, तिनंही नाही. तरी आठवड्यात गावभर झाली.

गिऱ्हाइकांच्या एका चुकीवर मात्र तिचा फार राग. लोक काटा आणत, रिकामा ठेवून दाखवत आणि म्हणत, "बघा, शून्यावर उभा राहतो. म्हणजे बरोबरच आहे की." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "रिकामा काटा खरा म्हणणं म्हणजे झोपलेल्या माणसाला गरीब स्वभावाचा म्हणण्यासारखं आहे. अंगावर भार टाका, मग बोलेल तो काय ते."

त्या धुक्याच्या सकाळी ती विसाचा ठोकळा पुसत होती, तेवढ्यात शेजारची शिंपीणबाई दोन पँटी हातावर टाकून आली.

"घे, तुझ्या धाकटीच्या. कंबर घेतली आत."

"पुन्हा?"

"तिसऱ्यांदा. आता आत घ्यायला कापड उरलेलं नाही. पुढच्या वेळी नवीनच शिवावी लागेल, नाहीतर पोरीला तरी उसवावं लागेल."

काटेबाईनं फडकं थांबवलं. "काहीतरीच. सकाळीच काट्यावर उभी राहिली माझ्यासमोर. अठ्ठावन्न आणि वर नऊशे ग्रॅम."

"तुझा काटा काय म्हणतो ते मला नको सांगू," शिंपीणबाई गळ्यातली फीत सारखी करत म्हणाली. "माझी फीत कापडाची आहे. तिला खोटं बोलायला जमत नाही."

ती गेली. काटेबाई पँटी हातात धरून तशीच उभी राहिली.

धाकटी म्हणजे तिची दुसरी मुलगी. थोरली परगावी दवाखान्यात नर्स होती. धाकटी एकवीस वर्षांची, सकाळी पार्सलच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करायची आणि उरलेला दिवस बॉक्सिंग करायची. चौदाव्या वर्षी तिनं हे खूळ घरात आणलं, तेव्हा काटेबाई म्हणाली होती, "नाक एकच मिळतं, दुसरं बदलून देत नाहीत." पण पोरगी पहिल्याच लढतीत दीड वर्षांनी मोठ्या मुलीला दोरांपर्यंत ढकलत घेऊन गेली, आणि क्लबचे सर विचारायला आले, "हिला काय खायला घालता?" खाण्याचं विशेष काही नव्हतं. सातव्या वर्षापासून ती आईबरोबर मापं वर-खाली करत होती. आधी दोनाचं, मग पाचाचं, मग दहाचं, आणि पंधराव्या वर्षापासून विसाचा ठोकळा एका हातात, दुसऱ्या हातात दुधाचं भांडं. तिचे खांदे त्या सतरा पायऱ्यांवर घडले होते. कितीही खाल्लं, कितीही पळाली, तरी वजन एकोणसाठ-साठच्या आसपास येऊन बसायचं. जशी गाय आपल्या खुंट्याशी येऊन बसते.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात, हे काटेबाईला मुलीच्या आधीपासून माहीत होतं. क्लबच्या हॉलमधला वजनाचा काटा दर स्पर्धेआधी तिनंच लावायचा, हा पायंडा मामंजींपासूनचा. त्यामुळे वजनाच्या दिवशी काय चालतं ते तिनं वर्षानुवर्षं जवळून पाहिलं होतं. चांगली पासष्ट किलोची माणसं साठच्या गटात घुसायला धडपडायची. प्लास्टिकचे कोट चढवून जिन्यावरून वर-खाली पळायची, पेल्यात थुंकत बसायची, दोन-दोन दिवस पाणी तोंडाला लावायची नाहीत. एकानं तर पन्नास ग्रॅमसाठी डोक्याचा गोटा केला होता. का, तर आपण मोठे असून छोट्यांच्यात लढायचं. घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची, "आज पोरं पिळून वाळत घातली होती."

म्हणूनच तिनं धाकटीला एक अट घातली होती. लढ, पण आपल्या वजनावर लढ. रोज सकाळी घरातल्या काट्यावर माझ्यासमोर उभं राहायचं, आणि अठ्ठावन्नच्या खाली जायचं नाही. धाकटी "बरं" म्हणाली. आता संघाची निवड आठ दिवसांवर आली होती. वर्षातून एकदाच होणारी, एका गटातून एकाच मुलीला घेणारी निवड. आणि धाकटी साठात नाव घालणार, असं घरात सगळे धरून चालले होते.

काटेबाईनं विसाचा ठोकळा उचलला आणि ती वर गेली.

घरातला काटा जुना, दांडीचा. खाली उभं राहायची पाटी, वर आडवी दांडी, दांडीवर पुढे-मागे करायचं सरकतं वजन. माणूस उभा राहिला की ते वजन सरकवत न्यायचं, दांडी सरळ झाली की थांबायचं, आणि समोरचा आकडा वाचायचा. रिकामा काटा शून्यावर उभा होता. तो रोजच उभा असायचा, ती रोजच बघायची. आज तिनं पाटीवर विसाचा ठोकळा ठेवला आणि सरकतं वजन ढकलत नेलं. विसाच्या खुणेवर दांडी सरळ व्हायला हवी होती. झाली नाही. एकविसावर झाली नाही. एकवीस आणि वर चारशेवर कुठे ती शहाण्यासारखी आडवी झाली.

तिनं पुन्हा तोललं. पुन्हा तेच.

मग तिनं सरकतं वजन दांडीवरून काढलं आणि उलटं केलं. तळाशी करंगळीएवढं भोक होतं. मेणानं भरलेलं, वर दिव्याच्या काजळीचा हात फिरवलेला. भोवतालच्या जुन्या लोखंडापासून वेगळं ओळखू येऊ नये इतका बेमालूम. आतलं शिसं काढून घेतलं होतं. सरकतं वजन हलकं झालं, की दांडी सरळ करायला ते जास्त पुढे न्यावं लागतं, म्हणजे उभ्या माणसाचं वजन जास्त दिसतं. आणि रिकामा काटा बोंबलू नये म्हणून मागचा शून्याचा स्क्रूही फिरवून ठेवला होता.

काटेबाई खाली बसली. डोक्यातल्या डोक्यात हिशेब झालाच. अठ्ठावन्न-नऊशे दाखवणारी पोरगी खरी पंचावन्नची होती. तीस वर्षं साऱ्या गल्लीला "भार टाकून बघा" म्हणून शिकवणारी बाई स्वतःच्या घरात रिकाम्या काट्यावर विश्वास टाकून बसली होती. रागानं तिचे कान तापले. आणि त्या रागाच्या तळाशी, तिला नको असताना, दुसरंच काहीतरी सळसळलं. काम चोख होतं. सबंध बाजारात हे करू शकणारी माणसं दोनच होती, त्यातली एक ती स्वतः, आणि दुसरी तिच्याच हाताखाली शिकलेली.

दुपारी दोनला धाकटी आली. काटेबाईनं टेबलावर ते वजन उलटं करून ठेवलं होतं. धाकटीनं पाहिलं, पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसली.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"एकदम काढलंस?"

"नाही. तीनदा. वजन उतरलं तसं."

"शिसं कुठेय?"

"बाबांच्या जुन्या बुटांच्या खोक्यात."

खिडकीशी बसून केळं खात असलेले बाबा वळले. "ते होय? मला वाटलं दुकानातला कचरा माझ्या बुटात टाकलाय. म्हटलं, या घरात आपल्या बुटांनाही किंमत नाही."

"तुम्ही गप्प बसा," काटेबाई म्हणाली. मग मुलीला, "मेण कशाला भरलंस?"

"पोकळ लागलं असतं. तू टिचकी मारून बघतेस."

"आणि स्क्रू?"

"पाव फेरा. आधी अर्धा फिरवला होता, पण काटा डुलायला लागला."

"डुलणारच. अर्धा फार होतो त्याला." बोलून गेल्यावर काटेबाईच्या लक्षात आलं की आपण झापायला बसलो होतो आणि कारागिरीची चर्चा करतो आहोत. तिनं ते वजन बाजूला सारलं. "आता सांग, कशासाठी?"

धाकटीचे ओठ फुटले होते. बोलताना ती सारखी जिभेनं ओले करत होती. "साठात ती 'हातोडा' म्हणतात ती मुलगी आहे, आई. तीन वर्षं तिच्यासमोर कुणी तिसरी फेरी बघितलेली नाही. सत्तावन्नला आपल्याच क्लबची मुलगी आहे, सर आम्हाला एकमेकींवर घालणार नाहीत. चोपन्नला कुणी नाही. एक मुलगी आहे, ती पण कच्ची. मी चोपन्नला उतरले की संघात गेलेच. सरांनी नाव तिथेच घातलंय."

"अजून एक किलो?"

"शेवटचे दोन दिवस पाणी बंद केलं की होतं. सगळे करतात."

काटेबाई कोपऱ्यातला विसाचा ठोकळा दाखवून म्हणाली, "हा खाली दुकानात नेऊन ठेव."

धाकटीनं ठोकळा उचलला. दारातून बाहेर पडली. काटेबाई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून पायऱ्या मोजत होती. चार. सात. आठव्या पायरीवर धाकटीनं ठोकळा दोन्ही हातांत घेतला. अकराव्या पायरीवर थांबली. भिंतीला खांदा टेकवला आणि मग हळूच, ठोकळ्यासकट, पायरीवर बसली. मान वर केली नाही.

काटेबाई खाली उतरून तिच्याशेजारी टेकली. जिना अरुंद, दोघी मावत नव्हत्या.

"पंधराव्या वर्षी तू हा नेताना गाणं म्हणायचीस," ती म्हणाली. "बेसूर. पण म्हणायचीस."

धाकटीनं ठोकळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "साठात मी हरेन."

"हरशील कदाचित."

"एक वर्ष वाया जाईल."

"जाईल." काटेबाईनं तिच्या मांडीवरचा ठोकळा उचलून आपल्याकडे घेतला. "मी तुला बांधून ठेवणार नाही. एकवीस वर्षांची आहेस. चोपन्नला लढायचं तर लढ. पण मग माझ्याकडे खऱ्या काट्यावर उभी राहून लढ, पोकळ वजनामागे लपून नको. आणि सरांना काय सांगायचं ते तूच सांगायचंस."

त्या दिवशी संध्याकाळी धाकटीनंच शिसं वितळवलं. बुटाच्या खोक्यातले तिन्ही तुकडे पळीत घातले, मेण खरवडलं, भोकात शिसं ओतलं, कानसून सपाट केलं आणि शून्याचा स्क्रू पाव फेरा परत आणला. काटेबाईनं विसाचा ठोकळा ठेवून पाहिलं. वीस. मग धाकटी स्वतः पाटीवर चढली. पंचावन्न आणि वर शंभर ग्रॅम. दोघींनी आकडा वाचला. मग धाकटी ओट्याशी गेली आणि दोन पेले पाणी प्यायली, एकामागोमाग एक, दारात उभ्या असलेल्या बापाकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दोघी हॉलवर गेल्या. सर मोजक्या बोलण्याचे, नाक दोनदा मोडून तिसऱ्यांदा अंदाजानं बसवलेलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतः तरुणपणी दोन दिवसांत सहा किलो उतरवले होते आणि पदक आणलं होतं. ते पदक अजून ऑफिसात होतं, आणि तेव्हापासून दुखणारी कंबरही त्यांच्याबरोबरच होती.

"काटेबाई, तुम्ही या खेळाकडे काट्याच्या बाजूनं बघता," ते म्हणाले. "आम्ही रिंगच्या बाजूनं. आपण वजन उतरवलं नाही तरी समोरची उतरवून येते. ही साठात खरी साठ, समोरची पासष्टची वाळवून साठ केलेली. कोण मार खाणार?"

"खरं आहे," काटेबाई म्हणाली.

सरांना वादाची अपेक्षा होती. ते जरा अडखळले. "मग?"

"मग काही नाही. मी आयुष्यभर कमी मालाला जास्त दाखवणारे पकडले, सर. जास्त मालाला कमी दाखवणारे फक्त तुमच्याकडे बघितले. मला त्यातलं कळत नाही. तिला विचारा."

सरांनी धाकटीकडे पाहिलं. ती हाताला पट्ट्या गुंडाळत होती. गुंडाळून झाल्या, टोक खोचलं, तेव्हा म्हणाली, "सर, साठ लिहा."

"हातोडा आहे तिथे."

"माहितेय."

"चोपन्नची जागा हातची जातेय, पोरी."

"चोपन्नला माझे हातच माझ्याबरोबर येत नाहीत, सर. काल मला पायऱ्या उतरता आल्या नाहीत."

सरांनी खिशातून पेन काढलं. मग यादी काढली, चोपन्नमधलं नाव खोडलं, साठात लिहिलं. लिहिताना कागद फाटेल इतका जोर दिला. पण लिहिलं.

आठ दिवस धाकटी जेवली. नुसती जेवली असं नाही, घरात दुष्काळ संपल्यासारखी जेवली. अंडी, पाव, भात, केळी, बापाच्या डब्यातलं उरलेलं. पहिले दोन दिवस पोटानं कुरकुर केली, मग ते सवयीला आलं. चौथ्या दिवशी काटेबाई दुकानात असताना जिन्यावरून ठोकळा उतरत असल्याचा आवाज आला, एका लयीत, सतरा पायऱ्या, न थांबता. तिनं मान वर केली नाही. पण हातातला स्क्रू मात्र तिनं दोनदा चुकीच्या बाजूनं फिरवला.

वजनाच्या दिवशी सकाळी सातला हॉलमध्ये माणसांपेक्षा प्लास्टिकचे कोट जास्त होते. काटेबाईनं सगळ्यांसमोर काटा लावला, वीस, चाळीस, साठचा भार टाकून दाखवला, आणि धाकटीचा गट आला तशी उठून बाजूला झाली. "आपल्या पोरीचा आकडा आपण वाचायचा नाही," असं तिनं वजनं नोंदवायला बसलेल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. कुणी मागितलं नव्हतं तरी.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं, "अठ्ठावन्न, सहाशे."

रांगेतली एक मुलगी हसली. "साठाच्या गटात साडेअठ्ठावन्न घेऊन कोण येतं? वाटेत सांडलं का दीड किलो?"

"घरी ठेवून आले," धाकटी म्हणाली. "तुझ्यासारखं थुंकून नाही आले."

मग हातोडा आली. चौकोनी खांदे, डोळे खोल गेलेले, गालांची कातडी चिकटलेली. साठ आणि वर शंभर. ती खाली उतरली, बाहेर जाऊन वीस मिनिटं पळाली, परत आली, टॉवेल धरून सगळे कपडे काढले. एकोणसाठ-नऊशे. उतरताना तिचा तोल गेला आणि तिनं काटेबाईचा दंड धरला. हात तापलेला, कोरडा, कागदासारखा. "काकू, हा काटा जरा जड आहे का?" तिनं हळूच विचारलं.

"काटा आहे तसाच आहे, बाळ," काटेबाई म्हणाली आणि स्वतःची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "आता पी. हळूहळू पी."

लढत दुपारी तीनला होती. बसवाले बाबा दुसऱ्या रांगेत बसले आणि घंटा वाजताच त्यांनी डोळे मिटले. इतकी वर्षं गर्दीतून बस चालवलेला माणूस, पण मुलीची लढत त्यांना कधी उघड्या डोळ्यांनी बघता आली नाही. काटेबाई मात्र पापणी न लववता बघायची. वजन अंगावर कसं बसतं ते बघायचा तिचा धंदाच होता.

पहिली फेरी वाईट गेली. हातोड्याचे ठोसे नावाप्रमाणेच होते. एका ठोशानं धाकटी दोरांवर गेली, रिंगमधल्या पंचानं तिला थांबवून आठपर्यंत आकडे मोजले. "काय झालं?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं. "उभी आहे," काटेबाई म्हणाली. दुसऱ्या फेरीत धाकटी अंग आकसून, हनुवटी खाली घेऊन आत शिरली आणि जवळूनच मारत राहिली. आणि तिसरी फेरी आली, जी तीन वर्षांत कुणी पाहिली नव्हती. घंटा वाजली तेव्हा हातोडा स्टुलावरून उशिरा उठली. तिचे पाय जड पडत होते. धाकटी पुढे येत राहिली. हात खाली येत नव्हते, पाय वाकत नव्हते. जिन्यावरून ठोकळा उतरवताना चालायची त्या चालीनं ती पुढे येत होती, आणि हातोडा मागे सरकत होती. हॉलमधला गलका बदलला. लोक हातोड्याचं नाव घ्यायचे थांबले, आणि मग कुणीतरी मागून विचारलं, "ही कोण आहे?"

"डोळे उघडा," काटेबाई नवऱ्याला म्हणाली. "हे बघा. नाहीतर आयुष्यभर पस्तावाल."

त्यांनी उघडले.

पाच पंचांपैकी तिघांनी लढत हातोड्याला दिली, दोघांनी धाकटीला. पहिल्या फेरीतला तो ठोसा नडला. पंचानं हातोड्याचा हात वर केला तेव्हा तिला तो वर धरवत नव्हता, दुसऱ्या हातानं तिनं धाकटीचा खांदा धरला होता. चोपन्नच्या गटात एकच मुलगी वजनाला आली होती. न लढता संघात गेली.

धाकटी खाली आली. डाव्या डोळ्याखाली सूज, श्वास अजून भरलेला. तिनं तोंडातलं रबर काढलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, तिसऱ्या फेरीनंतर पण माझ्यात होतं अजून. चौथी असती ना."

"बघितलं मी," काटेबाई म्हणाली.  ती वाकून मुलीच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. सर शेजारी येऊन उभे राहिले. "पुढच्या वर्षी साठ," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "खरी साठ. आताच सांगतो." आणि मग काटेबाईला, "मी माझ्या बाकीच्या मुलींना एकदा तुमच्याकडे पाठवू का? न वाळवलेली वजनं बघायची आहेत मला."

"पाठवा. जेवून यायला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गल्ली जमली, निमित्त कुणाचं काही, कुणाचं काही. शिंपीणबाईला जीभ आवरेना. "चोपन्नला राहिली असती तर आज संघात असती. मी आपली पँटी आत घेत राहिले असते."

"असती," काटेबाई म्हणाली. "न लढता असती."

"हरलीच की शेवटी."

"हरली. साठात हरली, आपल्या वजनावर हरली. तीन विरुद्ध दोन. त्या हातोड्याला विचार जाऊन, ती अजून झोपलेली असेल. माझी कामावर गेली, सकाळी सातला, ठोकळा खाली ठेवून." ती हे इतक्या मोठ्यानं बोलली की पलीकडच्या दुकानातल्या माणसानं मान बाहेर काढली. तिला तेच हवं होतं. तीस वर्षांत काटेबाईनं गल्लीत कुणासमोर फुशारकी मारली नव्हती, आणि तिला वाटलं, एवढी तर पासंगालाही धरली जाणार नाही.

शिंपीणबाईनं फीत गळ्यात टाकली. "मग पँटी सैल करायच्या ना?"

"कर. दीड इंच सोड. जास्तच सोड."

बेकरीवाला आत शिरला आणि त्यानं आपला काटा टेबलावर आदळला. सकाळपासून खाली-वर नाचत होता म्हणाला, एक पाव ठेवला तर दोन दाखवतो. काटेबाईनं चष्मा लावला, पाटी उचलली आणि आत फुंकर मारली. पिठाचा ढग उठला, तिच्या केसांवर बसला. सांध्यात वर्षभराचं पीठ घट्ट जमलं होतं. तिनं बारीक ब्रश घेतला, केरोसिनमध्ये बुडवला आणि एकेक सांधा घासायला लागली.

"किती वेळ लागेल?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"तासभर. पुढच्या वेळी झाकण ठेवत जा त्याच्यावर," ती मान वर न करता म्हणाली.